गळकं धरण: मालकही खातं, तपासणारंही खातं. हे चालू द्यायचं का?

सह्यपायथा
तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. चिपळूण तालुक्यातली भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं दगावली. गळती होतेय म्हणून गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ढकलला, हेही सगळ्यांना आठवत असेल.

त्यानंतर धरण सुरक्षा कायदा आला, ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची झाली. पण तपासतो कोण? धरण ज्या खात्याचं, त्याच खात्याचे अभियंते. आमच्या गावच्या धरणावर या मे महिन्यात चढून पाहिलं. मागच्या उतारावर ऐनाची झाडं मांडीएवढी जाड झालीत, पायथ्याला करवंदीचं जाळं माजलंय. तरी कागदावर सगळं ठीक.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. वीस वर्षांवरच्या मातीच्या धरणांची तपासणी बाहेरच्या तज्ज्ञांनी करावी, अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि तोवर धरण पूर्ण भरू देऊ नये.

जुना शाखाभियंता
भाऊ, कळकळ समजते, पण शेवटची मागणी अंगलट येईल. आपल्याकडच्या या छोट्या धरणांना बहुतेक दरवाजेच नसतात. सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट, मोकळा असतो. जुलैत एका रात्रीत जेवढं पाणी येतं, तेवढं विमोचकातून, म्हणजे धरणाच्या तळाकडून पाणी सोडायच्या मोरीतून, सोडता येत नाही. पातळी खाली ठेवायची तर सांडवा फोडून त्याचा माथा उतरवावा लागतो. ते काम उन्हाळ्यातच होतं आणि त्यालाही संकल्पचित्र, म्हणजे हिशेब करून काढलेला आराखडा, लागतं. घाईत फोडलेला सांडवा खालच्या वाडीवरच उलटेल.

दुसरं, गळती म्हणजे धोका असं समीकरण मांडू नका. मातीच्या धरणातून पाझर असतोच, तो काढून द्यायला भरावाच्या पोटात वाळूची गाळणी ठेवलेली असते. पायथ्याशी व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली पट्टी, बसवून त्या पाण्याची धार मोजतात. पाणी निवळशंख असेल आणि त्याच पातळीला दरवर्षी धार तेवढीच असेल, तर झोप लागू द्या. पाणी गढूळ झालं किंवा धार एकदम वाढली, तर भरावाची माती आतून वाहून चालली आहे. मग हातात तास उरतात, दिवस नाही.

आणि सगळं एकाच खात्याकडे नाही. तिवरे जलसंधारणचं, राज्याची धरण सुरक्षा संघटना जलसंपदाची.

सह्यपायथा
साहेब, खाती दोन असली तरी सरकार एकच. दोन खाती असली की पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरतं, एवढाच फरक. व्ही-नॉचचं तुमचं म्हणणं मान्य. पण करवंदीच्या जाळीत मोजमाप घेतंय कोण? आणि झाडांची मुळं भरावात शिरलेली कुणाला दिसत नाहीत का?

मालवणकर
वयावर नेम धरू नका. आमचा धामापूरचा तलाव १५३० चा, बांध मातीचाच, अजून पाणी देतो. विसाव्या वर्षी फुटणारं धरण बांधतानाच कच्चं असतं. चौकशी करायची तर ठेक्याची आणि भरावावर रोलर किती फिरला त्याची करा.

परसदार
पातळी कमी ठेवा म्हणणाऱ्यांनी शिमग्यानंतर आमच्या वाडीत यावं. नळपाणी योजना त्याच धरणावर आहे. यंदाही एप्रिलमध्ये एक दिवसाआड पाणी आलं. पावसात पाणी सोडून दिलं तर मेमध्ये टँकर कोण पाठवणार? तो चढावावरून वाडीपर्यंत येतच नाही, हंडे बायकांनाच वाहावे लागतात. भीती आम्हालाही वाटते, घर आमचंही खालच्याच अंगाला आहे. पण तहान दरवर्षीची आहे.

वाशिष्ठीकाठ
ताई, तुमचं खरं आहे, पण जीव आणि पाणी एका तराजूत घालू नका. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलाय. वरच्या कोळकेवाडी धरणाच्या पाण्याने तो वाढला की नाही, यावर आजही इथे दोन तट आहेत. कारण आकडे त्या रात्री लोकांसमोर नव्हते.

केरळातलं मुल्लपेरियार बघा. १८९५ चं धरण, जागा केरळात, ताबा तमिळनाडूकडे. १४२ फुटांपर्यंत पाणी साठवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परवानगी दिली, तरी वाद मिटलेला नाही. पण तिथे दोन राज्यं भांडतात, म्हणून प्रत्येक फुटाचा हिशेब उघड्यावर येतो. आपल्या धरणांच्या बाबतीत खात्याशी भांडणारं कोणी नाही, म्हणून बाहेरचा तपासनीस हवाच.

जुना शाखाभियंता
त्याची सोय कायद्यात आहे. स्वतंत्र तज्ज्ञ पथकाकडून पहिलं सर्वंकष मूल्यमापन पाच वर्षांत, म्हणजे डिसेंबर २०२६ अखेर व्हायला हवं. आपत्कालीन कृती आराखड्यालाही तीच मुदत. मात्र हा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो. १० ते १५ मीटरची धरणं काही अटींत बसली तरच, आणि त्याखालची सगळी बाहेर. भांडायचं तर त्या बाहेर राहिलेल्या धरणांसाठी भांडा. तोवर ग्रामसभेत ठराव करून व्ही-नॉचची नोंदवही मागा.

सह्यपायथा
नोंदवही मागतोच. पण बाहेरच्या तज्ज्ञाची मागणी सोडणार नाही, धरण कितीही मीटरचं असो.

परसदार
नोंदवहीला माझी सही घ्या, झाडं तोडायलाही घ्या. पातळी उतरवायचा ठराव आला तर मात्र मी उभी राहून विरोध करणार. आधी वाडीला दुसऱ्या पाण्याची सोय लेखी द्या, मग सांडव्याला हात लावा.