लेबर रूममध्ये सोबतीला बसणारीने काय शिकून जावं?

नवी सोबतीण
धाकट्या जावेला नववा महिना लागलाय, पहिलटकरीण आहे. नाव ग्रामीण रुग्णालयात नोंदवलंय आणि आत सोबतीला मी थांबणार आहे. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, "हात धरून बस, धीर दे आणि जोर लाव म्हण." एवढ्यावर भागतं का? हे काम रोज करणाऱ्यांना विचारते: या कामात राहून माणूस काय शिकतो, जे पहिल्यांदा बसणारीला आधीच माहीत हवं? कुठे हात लावायचा, सिस्टरना कधी हाक मारायची, तेही सांगा.

लेबर रूम सिस्टर
"जोर लाव" हे आधी विसरा. गर्भपिशवीचं तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंटिमीटर उघडायच्या आत जोर लावला तर तोंडाला सूज येऊ शकते, बाई दमते आणि ऐन वेळी ताकद उरत नाही. कधी लावायचा ते तपासणारी सांगेल. त्याआधी तिला शौचाला आल्यासारखा दाब जाणवू लागला तर मात्र लगेच आम्हाला सांगा.

हे काम सगळ्यात आधी घड्याळ बघायला शिकवतं. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर, आणि कळ किती सेकंद टिकली, हे कागदावर लिहा. तळहात पोटावर नुसता ठेवा, दाबू नका. कळ येताना पोट दगडासारखं होतं आणि उतरताना हाताखाली सैल पडतं. ते सैल पडणं महत्त्वाचं, कारण त्या वेळात बाळाला वारेतून (नाळ जिला जोडलेली असते त्या गर्भपिशवीतल्या भागातून) पुरेसं रक्त मिळतं. १० मिनिटांत ३ कळा, प्रत्येक ४० सेकंदांच्या पुढे, ही चांगली चाल. ५ पेक्षा जास्त झाल्या किंवा मधे पोट सैलच पडत नसेल, तर हाक मारा.

दुसरं, घाई न करणं. तोंड 'तासाला १ सेंटिमीटर' उघडलंच पाहिजे हा जुना हिशोब जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सोडला. आता तोंड ५ सेंटिमीटर उघडलं की खरी चाल सुरू झाली असं धरतात, आणि तिथून पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत लागू शकतात. त्याआधीचं उघडणं तर दिवसभरही रेंगाळतं. बाहेरचे नातेवाईक "कळा वाढवायचं इंजेक्शन द्या" म्हणतील, तो निरोप आत आणू नका. ऑक्सिटोसिन कळा वाढवायला द्यायचं तर सलाइनमधून, थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत देतात. घरी कुणी दंडात टोचलं तर गर्भपिशवी फाटू शकते.

दर २ तासांनी लघवीला न्या. ही साधी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. मूत्राशय भरलेलं असलं की बाळाचं डोकं खाली सरकायला अडतं, आणि नंतर गर्भपिशवी नीट आवळत नाही.

फिजिओ
हातांचं काम सांगते. कंबरेतून कळ येत असेल तर पाठ चोळून फार उपयोग होत नाही, एका जागी स्थिर दाब लागतो. जागा कशी शोधायची: माकडहाडाच्या वर जो सपाट, त्रिकोणी भाग असतो, त्यावर तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवा. कोपर सरळ ठेवून अंगाचा भार द्या. कळ चढायला लागली की दाब, उतरली की हात सैल. नुसत्या मनगटाच्या जोरावर दाबलं तर थोड्याच वेळात तुमचाच हात गळेल.

तिला पाठीवर सपाट झोपवू नका. गर्भपिशवीचं वजन पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतं, तिला गरगरतं आणि बाळाकडचं रक्तही कमी होतं. डावी कूस, खुर्चीच्या पाठीवर रेलून बसणं किंवा डॉक्टरांनी हो म्हटलं तर चालणं, यातलं तिला बरं वाटेल ते.

नवी सोबतीण
आणि बोलायचं काय? "घाबरू नको" सोडून काही सुचत नाही.

फिजिओ
कळ चालू असताना प्रश्न विचारू नका. "पाणी हवं का?" हेसुद्धा नाही, कारण तिला उत्तर द्यायला श्वास मोडावा लागतो. तुम्हीच मोठ्याने सावकाश श्वास सोडा, ती तुमच्या लयीत येते. तोंडाने फक्त "उतरतेय, आता उतरतेय". कळ गेली की पाण्याचा घोट, कपाळावर ओला रुमाल. दोघी-तिघींनी एकदम सूचना दिल्या की ती गोंधळते, तेव्हा एकच आवाज असू द्या.

गटप्रवर्तक (आशाताईंच्या कामावर देखरेख करणारी)
नियमाचं. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत माणूस ठेवायला केंद्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये परवानगी दिली. सोबतीला नात्यातली बाई, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली; आडोसा नीट असेल तिथे नवराही चालतो. संसर्गाचा आजार नको, कपडे स्वच्छ हवेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे किंवा उपचारात लक्ष घालायचं नाही.

घरून निघायला उशीर नको म्हणून हे पाठ करा: अंगावरून गर्भाचं पाणी हिरवट-काळपट आलं, रक्त वाहायला लागलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटके आले, बाळाची हालचाल मंदावली, तर कळा असोत-नसोत, १०२ किंवा १०८ ला फोन. नाळ बाहेर दिसली तर तिला गुडघे आणि छातीवर, ढुंगण वर करून ठेवा. नाळेला हात लावू नका, आत ढकलू नका. आणि कळा याव्यात म्हणून घरच्या घरी एरंडेल पाजू नका, उलट्या-जुलाबांनी ती आधीच गळून जाते.

लेबर रूम सिस्टर
पुढचं राहिलं. बाळ बाहेर येताना कुणी वरून पोट दाबायला सांगितलं तरी तुम्ही दाबायचं नाही. त्याने गर्भपिशवीला आणि खालच्या अंगाला इजा होते. बाळ रडलं की नातेवाईक बाळाभोवती जमतात आणि आई एकटी पडते. सोबतिणीचं खरं काम तिथे सुरू होतं.

बाळ पुसून, कोरडं करून आईच्या उघड्या छातीवर, वरून कोरडं कापड आणि टोपी. नाळ १ ते ३ मिनिटांनी कापतात, "लवकर कापा" म्हणू नका. पहिल्या तासात चीक, म्हणजे आईचं पहिलं घट्ट दूध, पाजायचा. मध, साखरपाणी, गुटी काही नाही, आणि आंघोळ किमान २४ तासांनी.

वार साधारण अर्ध्या तासात पडते, नाळ कुणी ओढायची नाही. नंतरचे २ तास आम्ही दर १५ मिनिटांनी तपासतो, पण मधल्या वेळात नजर तुमची. बेंबीच्या आसपास गर्भपिशवीचा गोळा हाताला टणक लागायला हवा. तो कसा लागतो ते आम्ही तपासताना तिथेच विचारून घ्या. तो मऊ पडला, पॅड भराभर भिजायला लागलं किंवा बाई "थंडी वाजतेय, गरगरतंय" म्हणाली, तर लगेच हाक. बारीक धार सतत चालू असली तरी थांबू नका. मोठा लोंढा सगळ्यांना दिसतो, धार चादरीखाली मुरते. म्हणून पॅड बघताना तिच्या कंबरेखालची चादरही हाताने चाचपून बघा.

नवी सोबतीण
घड्याळ, कागद-पेन, टोपी, कोरडी सुती कापडं पिशवीत ठेवली. जावेला आज संध्याकाळी शेजारी बसवून कंबरेचा दाब करून बघते, म्हणजे किती भार तिला बरा वाटतो ते आधीच कळेल.