टांगत्या रेल्वेची १९०२ सालची फीत: मूळ पाहण्यात अर्थ उरला नाही, असे कसे म्हणता?

रीळवेडा
काल ‘घाटमाथा’ यांनी जर्मनीतील वुप्पर्टालच्या टांगत्या रेल्वेची १९०२ सालची फीत येथे दिली आणि वर लिहिले की, कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगवलेली ही ४के प्रत पाहिल्यावर मूळ काळीपांढरी फीत पाहण्यात काही अर्थ उरत नाही. दोन ओळींत उत्तर देऊन थांबणार होतो, पण ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही, म्हणून वेगळा धागा काढतो आहे.

त्या चित्राच्या स्वच्छपणाचे श्रेय संगणकाला देणे हा ती टिपणाऱ्या बायोग्राफ कंपनीच्या कॅमेऱ्यावर अन्याय आहे. एडिसनच्या पेटंटच्या कचाट्यात सापडू नये म्हणून या मंडळींनी ६८ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरली, तिची चौकट (फ्रेम) नेहमीच्या ३५ मिलिमीटरपेक्षा कितीतरी मोठी होती, आणि ते सेकंदाला सुमारे ३० चौकटी घेत, जेव्हा चित्रपटाचे आद्य प्रवर्तक ल्युमिएर बंधू यांचा वेग १६ च्या आसपास होता. या फितीचे रीळ न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. तेथील जाणकारही अनेक वर्षे ही रिळे आकसलेल्या ७० मिलिमीटर फिल्मची समजत होते. २०२० मध्ये संग्रहालयाने ती फीत रंग न चढवता सर्वांना पाहायला दिली. ती पाहा. लोखंडी कमानी एकामागून एक अंगावर येतात, समोरून दुसरा डबा येऊन शेजारून निघून जातो, आणि खालच्या रस्त्यावरचा प्रत्येक माणूस वेगळा दिसतो. डेनिस शिरयाएव यांनी यावरच न्यूरल नेटवर्क (इतर चित्रांवरून शिकलेली संगणकप्रणाली) चालवून सेकंदाला ६० चौकटी केल्या आणि रंग भरले. म्हणजे तुम्ही पाहता त्यातल्या जवळजवळ निम्म्या चौकटी कोणत्याच कॅमेऱ्याने टिपलेल्या नाहीत. ओरखडे पुसणे, हलणारे चित्र स्थिर करणे, उपलब्ध प्रतींपैकी मूळच्या सर्वांत जवळची प्रत शोधणे, याला जतन म्हणतात. नव्हते ते घालणे हे वेगळे काम आहे आणि त्याला वेगळे नाव हवे.

घाटमाथा
६८ मिलिमीटरचे मला ठाऊक नव्हते, ते मान्य करतो. पण एवढ्याने माझा मुद्दा पडत नाही. माझी आई ८४ वर्षांची आहे. काळेपांढरे काही लावले की ती पोथी उघडून बसते. ही फीत मात्र तिने तीनदा पाहिली आणि विचारले, “खाली रूळ नाहीत, मग हा डबा पडत कसा नाही रे?” संग्रहालयाच्या प्रतीने हा प्रश्न तिच्या तोंडून आला नसता. तुम्हाला शुद्धता हवी, मला प्रेक्षक हवा.

लोहमार्ग
तुमच्या मातोश्रींचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. चाके डब्याच्या वर, एकाच रुळावर एकामागे एक धावतात आणि डबा एका बाजूने वळलेल्या लोखंडी बाहूने त्यांना टांगलेला असतो. वजन रुळाच्या बरोबर खाली येत असल्याने वळणावर तो झुलतो, पण कलंडत नाही. ऑयगेन लांगेन यांची ही रचना मार्च १९०१ मध्ये लोकांसाठी सुरू झाली. पूर्ण मार्ग १३.३ किलोमीटरचा असून त्यातला सुमारे १० किलोमीटर वुप्पर नदीच्या पात्रावरून जातो, कारण त्या अरुंद खोऱ्यात जमिनीवर दुसरी जागाच नव्हती. आणखी एक. सगळे ‘वुप्पर्टाल’ लिहितात. १९०२ मध्ये या नावाचे शहरच नव्हते. बार्मेन, एल्बरफेल्ड, फोविंकेल अशी वेगवेगळी गावे होती, ती १९२९ मध्ये एकत्र आली आणि नाव १९३० मध्ये मिळाले.

आपल्याकडे कोकण रेल्वेने मडगावला स्कायबस टांगून पाहिली आणि २५ सप्टेंबर २००४ च्या चाचणीतील अपघातात एका कर्मचाऱ्याचा जीव गेला, हे आठवले की १९०१ च्या त्या कारागिरीसमोर मान झुकते. म्हणूनच मला रंगीत प्रत खटकते. मधल्या चौकटी अंदाजाने भरणारे सॉफ्टवेअर जवळून वेगाने जाणाऱ्या, एकसारख्या पट्ट्यांपाशी अडखळते, आणि या फितीत पाहण्यासारखे जे आहे ते नेमके तेच, त्या लोखंडी पट्ट्या.

ठाणेकरीण
रंगांबद्दल बोलते, कारण आमच्या घरात यावरून वर्षभर अबोला होता. माझ्या आजीचा १९४१ चा लग्नातला फोटो भावाने एका अ‍ॅपवर रंगवून घेतला आणि मोठा करून आत्याला वाढदिवसाला दिला. त्यात आजी काळ्या शालूत होती. आत्या, जिने तो कुसुंबी शालू स्वतः हाताळला आहे, म्हणाली, “माझ्या आईला लग्नात काळे नेसवलेत?” आणि फोटो उलटा करून ठेवला. कपाळावर कुंकवाच्या जागी बुक्क्याचा असावा तसा काळा ठिपका होता. भावाचे म्हणणे एकच, फोटोत काळे दिसते तर संगणक तरी काय करणार?

फोटोवाले काका
ताई, तुमच्या भावाचे अर्धे बरोबर आहे. त्या काळच्या बऱ्याच प्लेटी आणि फिल्मी लाल रंगाला आंधळ्या होत्या. लाल त्यांना दिसतच नसे, म्हणून कुंकू काळे, कुसुंबी काळे आणि निळे आकाश पांढरेफटक येई. पण फोटो रंगवणे म्हणजे पाप, असे कोणी समजू नये. माझे वडील ब्रोमाइड प्रिंटवर कापसाच्या बोळ्याने तैलरंग चढवीत. ते आधी घरच्यांना विचारीत, शालू कोणता होता, काठ कसा होता, आणि उत्तर प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवीत.

घाटमाथा
शालू, कुंकू, बुक्का! जर्मनीतल्या रेल्वेचा धागा लग्नघरात कसा शिरला? ठाणेकरीण ताईंच्या आत्याला वाईट वाटले, त्याचे मलाही वाईट वाटते, पण माझ्या आईला जो आनंद झाला तो खोटा ठरवण्याचा अधिकार रीळवेडा यांना कोणी दिला?

रीळवेडा
आनंदाला मी खोटे म्हटलेले नाही, आणि आईंना मध्ये आणून माझे तोंड बंद करू नका. शालूचा विषय अवांतरही नाही. १९०२ ची ती फिल्मही लालला अशीच आंधळी होती. खालच्या रस्त्यावरच्या बाईचा झगा गडद दिसतो. तो लाल होता की काळा, हे त्या फितीत नोंदलेलेच नाही आणि कोणतेही सॉफ्टवेअर ते तिच्यातून काढू शकत नाही. ते हजारो इतर चित्रांवरून अंदाज बांधते आणि तो छातीठोकपणे रंगवते.

डिसेंबर १९०१ मध्ये, म्हणजे या फितीच्या जरासे आधी, रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा मुंबईतले त्यांचे स्वागत आपल्याकडचे आद्य चित्रपटकार सावेदादा भाटवडेकरांनी चित्रित केले होते. ते रीळ आज हाती नाही. ते उद्या कुठे सापडले, आणि त्यातली प्रत्येक लाल पगडी कोणी काळी करून ‘हीच खरी मुंबई’ म्हणून फिरवली, तर तुम्ही काय म्हणाल? हे काल्पनिक भय नाही. वुप्पर्टालच्या याच टांगत्या रेल्वेतून २१ जुलै १९५० रोजी टफी नावाच्या सर्कशीतल्या हत्तिणीच्या पिलाने खाली नदीत उडी घेतली आणि ती वाचली. त्या उडीचा एकही खरा फोटो नाही. पोस्टकार्डावर मिळतो तो जोडकामाचा आहे. तरी ‘तो फोटो मी पाहिला आहे’ असे सांगणारी माणसे मला भेटली आहेत.

घाटमाथा
पगडीचे उदाहरण लागले, नाही म्हणत नाही. पोस्टमधले ‘अर्थ उरत नाही’ काढले आहे, ‘रंग व निम्म्या चौकटी काल्पनिक’ असे लिहिले आहे, आणि संग्रहालयाच्या प्रतीचा दुवा वर घेतला आहे. रंगीत प्रत मात्र काढणार नाही. लोहमार्ग यांचे उत्तर आईला वाचून दाखवले. आता तिला डबा बाहूला जेथे लटकतो ती जागा पाहायची आहे, आणि डब्यातून समोर पाहत टिपलेल्या या फितीत ती नीट सापडत नाही.

लोहमार्ग
समोरून येणारा डबा जवळ आला की फीत थांबवा आणि छपराच्या वर पाहा. मूळ प्रतीत पाहा, तेथे कडा स्वच्छ आहेत.

फोटोवाले काका
ठाणेकरीण ताई, त्या शालूचा एखादा तुकडा घरात असेल तर तो दिवसाउजेडी, खिडकीपाशी ठेवून त्याचा फोटो पाठवा. मूळ फोटो स्कॅन करून मी रंग हाताने भरून देतो. पैसे नकोत.

ठाणेकरीण
शालू विरला, पण आत्याने त्याचा काठ गोधडीला लावला आहे. रविवारी तिच्याकडे जाते आणि गोधडी खिडकीशी धरायला तिलाच सांगते.