न दिसणारे बेघर

‘तरुण बेघर रस्त्यावर फारसे आढळत नाहीत, त्याअर्थी ते थोडेच असावेत’ हा काहींचा तर्क मला पटत नाही. अनेक ठिकाणी बेघरांची गणना एका ठरावीक रात्री पदपथ आणि निवारागृहे पाहून केली जाते, आणि तरुण मंडळी नेमकी तेथे नसतात. आज मित्राच्या खोलीवर, परवा लांबच्या नातेवाइकाकडे आणि मधली एखादी रात्र स्थानकावर, असे त्यांचे दिवस जातात. युरोपात २००५ साली मांडल्या गेलेल्या बेघरपणाच्या ‘इथॉस’ या वर्गीकरणात छप्पर नसणे, घर नसणे, असुरक्षित निवास आणि अपुरा निवास असे चार गट आहेत, आणि इतरांकडचा असा तात्पुरता आसरा त्यांपैकी तिसऱ्या गटात मोडतो. रात्रीच्या गणनेत मात्र तो निसटतो.

शिवाय हे न दिसणे पुष्कळदा त्यांनी स्वतःच कष्टाने जपलेले असते. माझ्या वर्गातला एक मुलगा रोज अभ्यासिका बंद होईपर्यंत बसून असे. आम्ही त्याला अभ्यासू समजत होतो (मला तर त्याचा हेवाही वाटे). त्याला राहायला जागाच नव्हती, हे वर्ष संपल्यावर कळले.