बोटीचं नाव मोरमुगाव, आमचं गाव मुरगाव. असं का?

सड्यावरचा:
मी वास्कोचा, हेडलँड सड्यावर वाढलो, सध्या पुण्यात. आमचा तालुका मुरगाव. शाळेच्या दाखल्यावर मुरगाव, आजीच्या तोंडी मुरगाव. मग नौदलाच्या विनाशिकेचं, म्हणजे डिस्ट्रॉयर जातीच्या युद्धनौकेचं, नाव मोरमुगाव, कुठे मोरमुगाओ, हे कुठून आलं? दुसरा प्रश्न भाच्याचा. त्याला शाळेत या बोटीवर प्रकल्प करायचा आहे. १७ सप्टेंबर २०१६ला जलावतरण आणि १८ डिसेंबर २०२२ला नौदलात दाखल, असं त्याला सापडलं. तो विचारतो, मधली सहा वर्षं बोट नुसती उभी होती का? मला धड उत्तर देता आलं नाही.

किनारपट्टी:
नावाचं सांगतो. पोर्तुगीज मुरगावला Mormugão लिहीत, पण उच्चार देवनागरीत सांगायचा तर 'मोरमुगांव'च्या जवळपास, शेवटचा स्वर नाकातून. इंग्रजीने ते स्पेलिंग उचललं आणि हिंदी-मराठी बातम्यांनी त्या स्पेलिंगचं जमेल तसं वाचन केलं. गाव तुमचं, पण बोटीला नाव मिळालं ते नकाशावरचं.

विनाशिकांना शहरांची नावं द्यायची हा अलीकडचा रिवाज. दिल्ली, म्हैसूर, मुंबई. मग कोलकाता, कोची, चेन्नई. प्रकल्प १५-बी, म्हणजे ही बोट ज्यातली त्या चार विनाशिकांच्या मालिकेत, देशाचे चार कोपरे घेतले: विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ, सुरत. नावं सुचवायला नौदलाची अंतर्गत समिती असते. एकदा नाव पडलं की पडलं. २०१४ मध्ये म्हैसूरचं अधिकृत नाव म्हैसूरु झालं, बोट आजही आयएनएस म्हैसूरच आहे. तेव्हा मुरगाव करा म्हणून अर्ज लिहायला बसू नका.

डॉकयार्ड_रोड:
भाच्याचा प्रश्न चांगला आहे, पण 'नुसती उभी होती' वाचून जरा लागलं. ही बोट जिथे बांधली त्या मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये मी स्ट्रक्चरल फिटर होतो. १९७६ला अप्रेंटिस म्हणून लागलो, २०१८ला सुटलो.

आमच्याकडे बोटीला आधी नाव नसतं, यार्ड नंबर असतो. हिचा १२७०५. विशाखापट्टणम १२७०४, इंफाळ १२७०६, सुरत १२७०७. एवढं लांबलचक कोण बोलणार, आमची गँग 'पाच नंबर' म्हणायची. नाव जाहीर झाल्यावरही पाच नंबरच. घरी बायको विचारायची, आज कुठे होतात, तर पाच नंबरवर. सासूबाईंना बराच काळ वाटत होतं की मी बसमध्ये काम करतो.

आता काम. बोट खालून वर एकसंध बांधत नाहीत. आधी ब्लॉक करतात, म्हणजे बोटीचे मोठमोठे तुकडे, आणि बरेचसे उलटे. डेक खाली, पोट वर. कारण वेल्डरला डोक्यावर हात धरून वेल्डिंग करायला लागलं की काम हळू होतं आणि दर्जाही घसरतो. उलटं ठेवलं की तोच जॉइंट पायाशी येतो. मग क्रेनने ब्लॉक पलटी करायचा. त्या वेळी शॉपमध्ये कुणी मोठ्याने बोलत नसे.

फिटरचं काम वेल्डरच्या आधी. दोन ब्लॉक शेजारी आणायचे, डॉग, म्हणजे तात्पुरती लोखंडी पकड, लावून पाचर ठोकायची, कडा जुळवायच्या, गॅप बघायचा, मग टॅक, म्हणजे जागा धरून ठेवायला थोडं थोडं वेल्डिंग. युद्धनौकेची प्लेट मालवाहू बोटीपेक्षा पातळ. पोलाद आपलंच, डीएमआर २४९ ए. पातळ प्लेटला उष्णता जास्त झाली की पोट येतं. म्हणून मधून सुरू करून दोन्ही बाजूंना थोडं थोडं जायचं. घाईत एका बाजूने ओढत गेलात की दुसऱ्या ब्लॉकशी ती कड जुळायची नाही. नंतर जॉइंटचा एक्स-रे निघतो आणि त्यात डाग आला की खोदून पुन्हा.

जलावतरण भरतीची वेळ बघून. नारळ, पूजा. २०१६ला तेव्हाच्या नौदलप्रमुखांच्या पत्नी रीना लांबा यांच्या हस्ते झालं. बोट उतारावरून पाण्यात जाते तेव्हा वजन तीन हजार टनांच्या आतबाहेर. भरलेली बोट ७४०० टन. आता भाच्याला वजाबाकी करायला सांगा. बाकीचं सगळं, केबल, पाइप, रडार, क्षेपणास्त्रांची नळकांडी, इंधन, माणसं, पाण्यात उतरल्यावर चढतं. शिवाय यंत्रं जोडली म्हणजे झालं नाही, एकेक सुरू करून बघायचं. ही समुद्रात चाचणीला पहिल्यांदा गेली १९ डिसेंबर २०२१ला. २४ नोव्हेंबर २०२२ला नौदलाच्या ताब्यात दिली आणि पुढच्या महिन्यात कमिशन, म्हणजे नौदलात रीतसर दाखल. तोपर्यंत नावाच्या आधी 'आयएनएस' लावत नाहीत.

तारीख मात्र उगाच निवडलेली नाही.

किनारपट्टी:
काकांचं शेवटचं वाक्य पुढे नेतो. १९ डिसेंबर हा गोवामुक्ती दिन, २०२१ला त्याला साठ वर्षं झाली. आणि १८ डिसेंबर १९६१ला मुरगावच्या बंदरातच पोर्तुगीजांच्या 'अफोन्सो द आल्बुकर्क' या युद्धनौकेशी आपल्या बेतवा आणि बियास या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकांची चकमक झाली. आल्बुकर्क जायबंदी होऊन किनाऱ्याला लागली. त्याच तारखेला, एकसष्ट वर्षांनी, बंदराचं नाव घेतलेली बोट नौदलात आली. सड्यावरून ते बंदर दिसतं ना?

सड्यावरचा:
दिसतं म्हणजे काय, आमच्या मागच्या खिडकीतून. आजोबा सांगायचे, त्या दिवशी तोफांच्या आवाजाने भांडी हलत होती. बंदरात नेमकं काय चाललंय ते कुणालाच कळत नव्हतं.

काका, 'नुसती उभी'बद्दल माफी. भाचा आता घरभर 'पाच नंबर' म्हणत फिरतोय. त्याला विचारायचं आहे, बोटीच्या फोटोत तुमचं काम कुठे बघायचं?

डॉकयार्ड_रोड:
माफी कसली. फोटोत दिसायचं नाही, आमचे ब्लॉक पोटाचे, पाण्याखालचे. कमिशनिंग मी टीव्हीवर पाहिलं, कॅमेरा सगळा ब्रह्मोसवर. त्याला २०१६च्या जलावतरणाचा फोटो शोधायला सांगा. तेव्हा बोट हलकी होती, चांगली वर तरंगत होती. पोटाची जी पट्टी उघडी दिसेल ना, तिथे.