आठवीतल्या मुलाला शाळेच्या कौन्सेलर मॅडमनी बोलावलंय, टेन्शन घ्यायचं का?

अशोकचौक_आई
नमस्कार, सोलापूरहून लिहितेय. आमच्या घरी तेलुगू बोलतात, मराठी कुठं चुकलं तर समजून घ्या. मुलगा आठवीला आहे. सातवीपर्यंत घराजवळच्याच शाळेत होता, या जूनला मोठ्या शाळेत घातलं, सेमी इंग्लिशला. दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतर डबा अर्धा परत यायला लागला, विचारलं की भूक नव्हती एवढंच, रविवारी सकाळी सातला बॅट घेऊन पळणारा पोरगा आता अकरापर्यंत झोपून असतो, आणि गणितात युनिट टेस्टला २० पैकी ६. परवा वहीत चिठ्ठी आली की पालकांनी शनिवारी येऊन कौन्सेलर मॅडमना भेटावं.
सासूबाई म्हणतात पोराला काय येड लागलंय का. मिस्टर म्हणतात एक महिना मोबाईल काढून घे, आपोआप सरळ होतोय. मला एवढंच विचारायचंय की हे कुठं रेकॉर्डला लागतं का, दाखल्यावर काय लिहून येतं का? आणि तो त्यांच्याशी जे बोलेल ते आम्हाला सांगतात का?

जुना_बॅकबेंचर
आमच्या टायमाला वेताची छडी हीच कौन्सेलर होती ताई 😀 दोन बसल्या की भूक पण लागायची आणि गणित पण यायचं. आता सगळं नाजूक झालंय.

सातरस्ता_०२१७
@बॅकबेंचर २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे, छडीचं कौतुक आता राहू द्या. आणि खरं सांगा, गणित आलं का तुम्हाला?

जुना_बॅकबेंचर
नाही आलं 😐

समुपदेशक_ताई
मी हेच काम करते, सोलापुरातच, दोन शाळा सांभाळते, तीन दिवस इथं तीन दिवस तिथं. एका शाळेत माझी खोली म्हणजे खेळाच्या सामानाची खोली, कॅरम बाजूला सरकवला की आमची बैठक सुरू.

आधी दाखल्याचं. दाखल्यावर नाव, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडण्याचं कारण असलं असतं. मुलगा कौन्सेलरला भेटला याचा रकानाच नाही, त्यामुळे दहावी-अकरावीला कुणी विचारणार पण नाही. हे डोक्यातून काढून टाका.

आता मुलगा काय बोलला ते सांगतात का. सरसकट नाही सांगत, आणि ते पोराला मी पहिल्याच दिवशी सांगते की तुझं माझ्यापाशी राहील, पण तू स्वतःला काही करून घेणार असशील, दुसऱ्याला इजा होणार असेल किंवा तुला कुणी चुकीचा हात लावत असेल तर मला ते दाबून ठेवता येणार नाही. यातलं शेवटचं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं, कळवणं बंधनकारकच आहे, त्यात माझी मर्जी चालत नाही. बाकी गोष्टींत मी पोरालाच विचारते, आईला यातलं काय सांगू? बहुतेक वेळा पोरं स्वतःच म्हणतात तुम्हीच सांगा मॅडम, मला घरी जमत नाही.

सातवी-आठवी हे वय लय अवघड असतं हो. आवाज फुटतोय, उंची वाढतेय, झोपेचं घड्याळच पुढं सरकतं या वयात, म्हणून नुसतं उशिरा उठणं हा काय गुन्हा नाही. पण डबा, खेळ आणि मार्क तिन्ही एकदम खाली आलेत आणि ते पण शाळा बदलल्यावर, तर काहीतरी आहे. ते अभ्यासाचंच असेल असं मात्र नाही. मागं एका मुलीला वर्गात लक्ष देत नाही म्हणून माझ्याकडं पाठवलेलं, चार भेटी मी घरचं, मैत्रिणींचं सगळं विचारत बसले आणि शेवटी निघाला चष्म्याचा नंबर. बोर्ड दिसतच नव्हता तिला! माझीच मला लाज वाटली. तेव्हापासून पहिला प्रश्न कितव्या बाकावर बसतोस.

आम्ही गोळ्या देत नाही, आजाराचं नाव पण ठरवत नाही. तसं काही वाटलं तर पुढं पाठवतो, सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६, टेलिमानस, सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच.

शनिवारी जाताना एक करा, "आमच्यात काय कमी पडलं" हे मनात धरून जाऊ नका. तो घरी कसा असतो तेवढं खरं खरं सांगा.

जुळे_सोलापूरकर
मॅडमचं सगळं पटलं पण सगळीकडं असं नाहीये. माझ्या मुलीच्या शाळेत कौन्सेलर आहेत म्हणून ॲडमिशनच्या वेळी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आता बघतो तर त्या बाई ऑफ तासाला वर्ग सांभाळतात, स्नेहसंमेलनाचा नाच बसवतात, परीक्षेला सुपरव्हिजन करतात. पोरं ज्यांना नाचात ओरडताना बघतात त्यांच्यापाशी जाऊन काय मन मोकळं करणार? माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, तिथल्या शाळा-समुपदेशकांच्या संघटनेचं म्हणणं २५० मुलांमागं एक असावा, तिथं पण सगळीकडं तेवढे नसतात म्हणे. आपल्याकडं सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं की १०० किंवा जास्त मुलं असली की एक तरी प्रशिक्षित माणूस ठेवा, समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर. आता पालक सभेत विचारायला पाहिजे, पण तिथं सगळे फक्त फी आणि बसवरच बोलतात, मी पण.

अशोकचौक_आई
सगळ्यांना थँक्यू. शनिवारी जाऊन आले, मिस्टर पण आले, गेटपर्यंत कुरकुर करत पण आले.

झालंय असं की दिवाळीनंतर इतिहासाच्या तासाला त्याला उभं राहून बोलायला लावलं, हा घाईत "माझा वही" म्हणाला. आमच्यात असं होतं हो, तो ती ते मध्ये गडबड होते, जुन्या शाळेत निम्मी पोरं आमच्यासारखीच त्यामुळे कुणाच्या लक्षात पण यायचं नाही. इथं सगळा वर्ग हसला. तेव्हापासून दोन-तीन पोरं त्याला माझावहीच म्हणतात, नावानं हाकच नाही, मधल्या सुट्टीत "काय बे माझावही, तुझी डबा आण". म्हणून हा पाण्याच्या टाकीमागं उभा राहून दोन घास खातो आणि झाकण लावतो. दीड महिना. मला एका शब्दानं बोलला नाही, कारण मी पण तसंच बोलते आणि मला वाईट वाटेल असं त्याला वाटलं. हे त्यानं मॅडमना सांगितलं आणि आईला तुम्ही सांगा म्हणाला.

तिथं मिस्टर उठूनच उभे राहिले, त्या पोरांची नावं द्या म्हणून. मॅडमनी बसवलं. म्हणाल्या नावं माझ्याकडं आहेत, एकेकाला वेगळं बोलावून बोलतेय, तुम्ही कुणाच्या घरी गेलात तर याला उद्या शाळेत यायला अवघड होईल. वर्गात याच्याबद्दल भाषण पण देणार नाहीत, त्याला परत सगळे बघतील. वर्गशिक्षकांना सांगून त्याची जागा बदलतायत, आणि जुन्या शाळेतला एक मुलगा ब तुकडीत आहे त्याच्यासोबत सुट्टीत बसायचं असं दोघांचं ठरवून दिलंय. आम्हाला एकच काम दिलंय, तो घरात पाय ठेवल्या ठेवल्या "आज कोण काय बोललं का" हे विचारायचं नाही. लय अवघड जातंय मला ते.

डबा अजून अर्धाच येतोय. मोबाईल काढून घेतला नाही. सासूबाईंना शाळेत मीटिंग होती एवढंच सांगितलंय. पुढची भेट गड्ड्याच्या यात्रेनंतर, म्हणजे आमच्या सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा झाल्यावर.

@समुपदेशक_ताई तो शेवटच्या बाकावर बसत होता हो, कुणी बघू नये म्हणून. उद्या डोळे तपासून आणते.