गरम हवा वर जाते, तर महाबळेश्वर थंड का?

सह्यवेडा:
गरम हवा हलकी असते म्हणून ती वर जाते, हे शाळेपासून ऐकत आलो आहे. पण हलक्या वस्तूलाही पृथ्वी खालीच ओढते, मग या हवेला वर ढकलते कोण? शिवाय गरम हवा वर जात असेल, तर कोकणात घामाच्या धारा लागलेल्या असताना महाबळेश्वर थंड कसे? जाणकारांनी खुलासा करावा.

जुने मास्तर:
पहिली शंका रास्त आहे. गरम हवेत स्वतःहून वर जाण्याचा कोणताही गुण नसतो. तिला भोवतालची थंड हवा वर लोटते. हवेचा दाब खाली जास्त आणि वर कमी असतो, त्यामुळे हवेच्या कोणत्याही भागाला खालून बसणारा रेटा वरून बसणाऱ्या रेट्यापेक्षा किंचित जास्त असतो, आणि हा फरक त्या जागेत मावणाऱ्या भोवतालच्या हवेच्या वजनाइतका भरतो. आर्किमिडीजचे तत्त्व ते हेच. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते, १०० अंशांची ०.९५ किलो, म्हणजे पाव किलोचा फरक. २,००० घनमीटरच्या फुग्यात तोच ५०० किलोंच्या घरात जातो आणि कापड, टोपली, गॅसच्या टाक्या व माणसे त्यावरच उचलली जातात. अंतराळयानातील प्रयोगांत मेणबत्तीची ज्योत निमुळती न होता गोलसर झालेली दिसली, कारण भारहीन अवस्थेत गरम वायूला वर लोटणारे काही उरत नाही.

घाटमाथा:
दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. वर जाताना दाब कमी होतो, हवा प्रसरण पावते आणि त्याची किंमत तिला स्वतःच्याच उष्णतेतून मोजावी लागते. ढग बनू लागेपर्यंत ती दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी निवते. कोकणातून ३४ अंशांवर निघालेली कोरडी हवा सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला पोहोचेल, तेव्हा ती २१ अंशांच्या आसपास आलेली असेल. शिवाय हा प्रवास भोवतालची हवा तिच्याहून थंड असेपर्यंतच चालतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या थरापेक्षा थंड असते, म्हणून चुलीचा धूर छपरांच्या जरा वर जाऊन आडवा पसरतो आणि ऊन चढेपर्यंत तिथेच रेंगाळतो.

सह्यवेडा:
आभार. मग वळवाच्या पावसाआधीची ती जड, दमट हवा वर कशी जाते?

जुने मास्तर:
घाम वाळत नाही म्हणून ती जड वाटते, एवढेच. पाण्याच्या रेणूचे वस्तुमान १८ एकक, तर कोरड्या हवेतील रेणूंचे सरासरी २९. बाष्प शिरले की तेवढ्या जड रेणूंची जागा हलके रेणू घेतात, त्यामुळे ३० अंशांची बाष्पाने संपृक्त हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा सुमारे दीड टक्क्याने हलकी भरते. पुढे बाष्पाचे थेंब होताना उष्णता बाहेर पडते, हवेचे निवणे मंदावते, आणि दुपारचे ढग बघता बघता उंच चढतात ते त्यामुळेच.