थंडीत टाचा उलतात, रक्त येतं. युरियाचं क्रीम किती टक्क्यांचं घ्यावं?

सायली_निफाड
आईच्या टाचा दर थंडीत उलतात. दिवसभर बागेत सपाता, सकाळी कढत पाण्याने आंघोळ. रात्री खोबरेल लावते, पण ते अंथरुणालाच लागतं आणि सकाळी टाच कोरडी ती कोरडीच. आता दोन भेगा खोल गेल्या आहेत. शुगर नाही, तपासली आहे. वज्रीने घासावं का? आणि युरियाचं क्रीम किती टक्क्यांचं?

पायवाट
तळपायाच्या कातडीत तेलग्रंथी नसतात, त्यामुळे टाचेला स्वतःचं तेल अजिबात मिळत नाही. त्यात सपाता मागून उघड्या. वजन पडलं की टाचेखालची मऊ गादी बाजूंना पसरते आणि कडेची जाड, वाळलेली कातडी ताणून फाटते. नुसत्या तेलाने यातलं काहीच बदलत नाही. आधी कातडीत पाणी मुरायला हवं, मग ते कोंडायला हवं, आणि जाडी उतरायला हवी.

रक्त येतंय तोवर युरिया (कातडीत पाणी धरून ठेवणारं, जाडी उतरवणारं क्रीम) नको, वज्री तर नकोच. उघड्या भेगेत युरिया चांगलाच झोंबतो. सध्या रात्री १० मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवा. त्यात मीठ, सोडा, लिंबू काहीही नको. मग टिपून घ्या, बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या करा आणि टाच ओलसर आहे तोवरच, दोन-तीन मिनिटांत, साधी पेट्रोलियम जेली भेगेत दाबून भरा. वरून सुती मोजे. सकाळी कामाला जाण्याआधी पुन्हा जेली आणि मोजे.

भेगा मिटल्या की युरिया सुरू करा. नडग्या, पोटऱ्यांना १० टक्के पुरे, टाचेला २० ते २५. ४० टक्क्यांचं क्रीम घट्ट्यांसाठी असतं, अख्ख्या टाचेला फासलं तर चांगली कातडीही सोलते. बेचक्यांत क्रीम लावू नका. वज्री आठवड्यातून दोनदा, भिजलेल्या टाचेवर, हलक्या हाताने. टाच गुळगुळीत होईपर्यंत घासत बसणं हीच नेहमीची चूक, कारण रोजच्या रगडण्याने कातडी आणखी जाड होते. ब्लेड तर लावूच नका.

भिरंड
खोबरेल अंथरुणाला का लागतं? ते साधारण २४-२५ अंशांनाच वितळतं, त्यामुळे अंगाच्या उबेने पातळ होऊन उतरतं. कोकमाच्या बियांचं तेल, आमच्याकडचं भिरंडेल किंवा मुठेल, वितळायला ४० अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून ते भेगेत थिजून बसतं. हरभऱ्याएवढा तुकडा पळीत मंद आचेवर पातळ करा, बोटाला सहज सोसेल इतकं निवू द्या, मग भरा. कढत तेल भेगेत सोडलं तर आतली कातडी भाजते. जेलीसारखंच हेही पाणी फक्त कोंडतं, तेव्हा कोरड्या टाचेवर लावून उपयोग नाही.

मंजिरी_प
दोन गोष्टी तपासाच. एकाच पायाला जास्त आहे, तळव्याच्या रेषांत पिठासारखी पांढरी पूड दिसते, नखं जाड-पिवळी झाली आहेत, उन्हाळ्यातही बरं होत नाही, असं असेल तर बुरशीची शंका घ्या. त्वचेचे डॉक्टर कातडीचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तोवर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणू नका. खाज थांबते आणि बुरशी आतल्या आत पसरते.

दुसरं, धनुर्वाताचं इंजेक्शन. उघडी भेग आणि शेणखताची माती यांची गाठ रोजचीच आहे. शेवटचा डोस घेऊन ५ वर्षं होऊन गेली असतील किंवा आठवतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून घ्या.

ज्यांना शुगर आहे त्यांनी घरी काहीच घासू-कापू नये. पायाची जाणीव कमी झालेली असते, जखम कळत नाही. भेग दिसली की थेट दाखवा.

सायली_निफाड
खूप आभार. एकाच पायाचं नाही, दोन्ही सारख्याच आहेत. बंद बुटात पायाला घाम येतो, मातीही भरते. सपाताच चालतील का?

पायवाट
सपाता नकोत. टाचेला मागून धरून ठेवणारी, पट्ट्याची सँडल घ्या, आत सुती मोजे, आणि दुपारी बदलायला कोरडी जोडी बरोबर. आंघोळीचं पाणी कोमटावर आणा. पायांना साबण मातीपुरताच, तोही टाचेवर रगडायचा नाही. भेगेभोवती लाली, सूज, ठणका किंवा पू दिसला तर हे सगळं थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.